आधी भिंत ओळखा, मग कोअर ड्रिल घ्या

मी रायपूरहून बोलतोय. प्लंबिंग आणि एसीची कामं करून माझी पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. मार्च उजाडला की इथे फोन सुरू होतात. एसीचा पाइप बाहेर काढायचाय, चिमणीचा डक्ट काढायचाय, वरच्या मजल्यावर नवं बाथरूम करायचंय. मग हमखास विचारलं जातं, "दादा, कोअर ड्रिल कुठलं घेऊ? किती वॅटचं?" हल्ली नागपूर, इंदूर, बडोदा, हुबळी अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींचेही फोन येतात, म्हणून आज या एकाच विषयावर सविस्तर बोलतो.

वॅट सांगण्याआधी मी उलटा प्रश्न करतो, "भिंत कसली आहे?" बहुतेक जण म्हणतात, "विटांची. अजून कसली असणार?" घोटाळा इथेच होतो, कारण बाहेरून गिलावा आणि रंग लागला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात.

मी ज्या भागात सर्वात जास्त काम करतो तो भाग म्हणजे पुरानी बस्ती. ज्यांनी रायपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे जुनं गाव. एका बाजूला बूढ़ा तालाब, दुसरीकडे महाराजबंध तलाव आणि दूधाधारी मठ, मध्ये महामायेचं देऊळ, टुरी हटरीचा बाजार आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं अशा गल्ल्या. जवळच तात्यापारा, तिथे जुनी मराठी घरं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर आला, बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला येऊन बसले, तेव्हापासून आपली माणसं या मुलखात आहेत. तर या बस्तीत एकाच घरात मला चार तऱ्हेच्या भिंती भेटतात. मागची भिंत मातीची, तिला वर्षानुवर्षं छुहीचा हात दिलेला. मधली चुन्यात बांधलेली, दीड-दोन फूट जाड. पुढची सिमेंटमधली नऊ इंची. आणि गच्चीवरची नवी खोली राखाडी फ्लाय अ‍ॅश विटांची. आता सांगा, या घराला "एक चांगलं कोअर ड्रिल" कसं सुचवायचं?

म्हणून मशीन विकत घेण्याआधी, भाड्यानं आणण्याआधी, एक काम करा. जिथे मोठं भोक हवंय त्याच्या बरोबर मध्यावर सहा मिलिमीटरचं बारीक भोक पाडा, साधं ड्रिल पुरतं. तिथल्या वायरिंगचा एमसीबी आधी पाडा आणि वीज दुसऱ्या लाइनवरून घ्या. खाली पांढरा कागद धरा. पडणारी भुकटी बघत राहा. लाल भुकटी आली तर वीट. पांढरी, मऊ, पिठासारखी आली तर चुना. राखाडी आणि खरखरीत आली तर सिमेंट. राखाडी पण ड्रिल लोण्यासारखं आत जातंय, तर फ्लाय अ‍ॅशची वीट असण्याची शक्यता जास्त. तपकिरी, जरा ओलसर, बिटाला चिकटणारी आली तर माती. आणि ड्रिल एकदम पुढे गचकन गेलं तर आत पोकळी आहे. जुन्या जाड भिंती पुष्कळदा दोन पदरी असतात, आत-बाहेर नीट वीटकाम आणि मध्ये दगड-विटांचे तुकडे आणि माती भरलेली. हे भोक पाडताना कुठल्या खोलीवर काय लागलं ते पेन्सिलनं भिंतीवरच लिहून ठेवायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मशीनकडे येऊ. कोअर ड्रिल म्हणजे मुळात काय? टोकाला दात असलेली पोकळ नळी. ती भोकातला सगळा माल कुटत नाही, फक्त कडेचं एक कडं घासून काढते आणि मधला गोल गाभा अख्खा बाहेर येतो. 127 मिलिमीटरचं भोक धरा. नळीच्या दातांची जाडी चार मिलिमीटर असेल तर प्रत्यक्षात कापला जाणारा भाग त्या वर्तुळाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा असतो. म्हणून हे काम कमी धक्क्यात होतं. युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये तांब्याच्या नळीखाली वाळू घालून ग्रॅनाइटमध्ये भोकं पाडत. असे दगडी गाभे फ्लिंडर्स पेट्री यांना 1880 च्या दशकात गिझाला सापडले. आजच्या नळीवर वाळूच्या जागी कृत्रिम हिऱ्याचे कण असतात, एवढाच फरक. आमच्या शेजारच्या गरियाबंद जिल्ह्यात खऱ्या हिऱ्यांचे साठे आहेत, पण बिटातले हिरे कारखान्यातले. तेव्हा दुकानदार "असली डायमंड" म्हणून जास्त पैसे मागायला लागला तर हसून सोडून द्या.

मशीन निवडताना मी वॅटच्याही आधी एक गोष्ट विचारतो, ती म्हणजे क्लच. सेफ्टी क्लच. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. कोअर बिट फिरताना मध्येच अडकतं. विटेचा तुकडा फिरला, दगड आडवा आला, हात जरा तिरपा झाला की बिट जागच्या जागी थांबतं. बिट थांबलं पण मोटर थांबत नाही. मग मोटर बिटाला फिरवायच्या ऐवजी मशीनलाच फिरवते, आणि मशीन तुमच्या हातात आहे. मनगट, बोटं, कधी बाजूचं हँडल थेट जबड्यावर. शिडीवर उभा असाल तर पुढचं सांगायला नको. आणि गंमत बघा, मोठ्या बिटासाठी मशीन कमी वेगाच्या गियरवर चालवावं लागतं. कमी गियरवर पिळण्याची ताकद वाढते. म्हणजे भिंत कापायला जी ताकद कामाला येते, तीच अडकल्यावर तुमच्या मनगटात शिरते. क्लच ठरावीक जोराच्या वर गेलं की घसरतो, टरटर आवाज होतो, आणि हात वाचतो.

दुकानात मशीन हातात घ्या आणि सरळ विचारा, "क्लच आहे का? कुठल्या मापापर्यंतच्या कोअर बिटाला चालतो?" उत्तर गुळमुळीत आलं तर ते मशीन ठेवून द्या. बाजूचं हँडल लांब आणि घट्ट बसणारं हवं. चालू बटण लॉक होणारं असेल तर कोअरच्या कामात ते लॉक कधीच लावायचं नाही. बोट उचललं की मशीन थांबलंच पाहिजे.

घरोघरी असतं ते तेरा मिलिमीटर चकचं छोटं ड्रिल या कामाचं नाही. वेगाचा हिशेब करू. 127 च्या बिटाचा परीघ साधारण चाळीस सेंटिमीटर. मशीन मिनिटाला 600 फेरे घेत असेल तर दात सेकंदाला चार मीटर धावतात, हाताला झेपेल असा वेग आहे. तेच छोटं ड्रिल 2800 फेऱ्यांनी फिरतं, मग दात सेकंदाला साडेअठरा मीटर धावतील. बिट जळेल, मोटर जळेल, किंवा हात जाईल. एसीच्या पाइपाला लागणारं 65 मिलिमीटरचं बिट मात्र 1200 फेऱ्यांनाही त्याच चार मीटरवर असतं. थोडक्यात, बिट मोठं तर फेरे कमी. म्हणून दोन गियरचं मशीन घ्या आणि मोठ्या बिटाला पहिला गियर लावा. नेमका आकडा बिटाच्या खोक्यावर छापलेला असतो.

आता हातोड्याबद्दल. बऱ्याच मिस्त्र्यांकडे दोन किलो वर्गातलं रोटरी हॅमर असतं. ते उत्तम मशीन आहे, पण त्यांतल्या बऱ्याच मशीनवर कंपनीनंच कोअरची मर्यादा 68 मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. त्याला 127 चं बिट लावणं म्हणजे स्कूटरला ट्रॉली बांधणं. दुसरं म्हणजे हिऱ्याचं बिट लावलं की हातोडा बंद करून फक्त फिरवायचं. ठोका बसला की हिऱ्याचे दात तडकतात. कार्बाइडच्या दातांची कोअर बिटं हातोड्यावर चालतात, सिमेंटमधल्या नव्या वीटकामात मी तीही वापरतो, स्वस्त पडतात. पण चुन्या-मातीच्या भिंतीत हातोडा नाही म्हणजे नाही. तिथे दर्जांमधला माल आधीच सैल झालेला असतो. तुम्ही इकडून ठोकता आणि पलीकडच्या खोलीतला गिलावा ताटाएवढ्या पोपड्यांनी खाली येतो. बस्तीत पलीकडची खोली बऱ्याचदा शेजाऱ्याची असते, आणि भिंत सामायिक. अशा भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावं, शक्यतो चार ओळी लिहून घ्याव्यात. ड्रिल कितीही चांगलं असलं तरी हे काम ते करत नाही.

बिट घेताना दोन प्रश्न विचारा. पहिला, दात लेझरनं जोडलेत की ब्रेझिंगनं? पाण्याविना कोरडं कापायचं तर लेझर वेल्डिंगवाले घ्या. ब्रेझिंगचा सांधा कोरड्या कामाच्या उष्णतेनं सैल होतो आणि फिरता दात सुटून उडतो. दुसरा प्रश्न, बिट विटेसाठी आहे की काँक्रीटसाठी? इथे लोकांचा अंदाज चुकतो. वाटतं, काँक्रीट कापणारं बिट विटेला तर सहज कापेल. कापेल, पण लवकर संपेल. हिऱ्याचे कण ज्या धातूत बसवलेले असतात तो धातू झिजत गेला की नवे कण उघडे पडतात. कठीण काँक्रीटसाठी तो धातू मऊ ठेवतात, म्हणजे नवे कण वेळेवर वर येतात. वीट मऊ असली तरी खरखरीत असते, सँडपेपरसारखी. ती मऊ धातू बघता बघता खाऊन टाकते. म्हणून विटेच्या बिटात धातू कठीण असतो. उलट विटेचं बिट काँक्रीटवर चालवलं तर कण गुळगुळीत होतात आणि बिट नुसतं फिरत राहतं, कापत नाही. असं झालं तर फेकू नका, एखाद्या खरखरीत सिमेंट ब्लॉकमध्ये दोन-चार वेळा फिरवा, धार परत येते.

पाणी की कोरडं? सळईच्या काँक्रीटला पाणी आणि भिंतीला बोल्टनं बसवायचा स्टँड. त्या कामाला बोलावून आणलेला माणूसच बरा. आपल्या विटांच्या भिंतीला कोरडं. चुना-मातीच्या भिंतीत पाणी सोडलं तर दर्जांमधली मातीच वाहून जाते आणि लाल चिखलाचे ओघळ रंगावर कायमचे राहतात. स्टँडचा बोल्टही जुन्या विटेत धरत नाही, आवळला की वीटच फुटते. शिवाय जुन्या घरात अर्थिंगचा भरवसा नसतो. म्हणून मशीन दुहेरी इन्सुलेशनचं हवं, पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ती बघा, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेला बोर्ड सोबत ठेवा.

कोरडं म्हटलं की धूळ आली. ही धूळ साधी नाही. वीट, दगड, सिमेंट सगळ्यांत सिलिका असते आणि बारीक सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. छत्तीसगढ 2000 पर्यंत मध्य प्रदेशातच होतं. त्याच राज्यात मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कारखान्यांतले कामगार याच धुळीनं, सिलिकोसिसनं, तरुणपणी गेले. आमची पोरं नाकाला गमछा बांधतात. गमछातून ती धूळ आरपार जाते. एन 95 मास्क घाला, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि बिटाभोवती बसणारं धूळ ओढायचं कडं मिळतं ते व्हॅक्यूमला जोडा. तुम्ही मिस्त्री बोलावणार असाल तर मास्क तुम्ही आणून द्या. तो स्वतः आणणार नाही.

आता एक काम सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल. बस्तीतलं एक जुनं घर. घरातल्या काकू ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. संडास अंगणाच्या टोकाला. रात्री उठायचं तर सुनेला हाक मारायची, आणि हाक मारायला नको म्हणून काकू संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. उन्हाळ्यात, रायपूरच्या उन्हाळ्यात! डॉक्टरांनी दटावलं तेव्हा घरच्यांनी त्यांच्या खोलीलगत संडास करायचं ठरवलं. त्यासाठी 110 मिलिमीटरचा पाइप मागच्या भिंतीतून गल्लीकडे काढायचा होता. भिंत बावीस इंच. आधी एक ठेकेदार येऊन गेला होता, त्याचं म्हणणं, "ब्रेकर से पाँच मिनट का काम है।" आणि तो ज्या जागेवर बोट ठेवून गेला होता त्याच्या बरोबर वर लाकडी तुळईचं टोक भिंतीत टेकलेलं होतं. त्या तुळईवर वरचा मजला.

आम्ही आधी जागा बदलली. तुळईच्या टोकाखाली, दाराच्या कोपऱ्यालगत भोक कधीच घ्यायचं नाही. दोन फूट बाजूला सरकलो. बारीक भोक पाडलं: दोन इंच चुना, मग लाल वीट, सात इंचांवर तपकिरी माती, मध्ये एकदा गचका, आणि पुन्हा वीट. म्हणजे दोन पदरी भिंत. लांब बिटानं बारा मिलिमीटरचं भोक आरपार नेलं, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. चाळीसास एक असा उतार धरला तर बावीस इंचांत चौदा मिलिमीटर उतरतं. या आरपार भोकामुळे दोन्हीकडून काम करता येतं, हा त्याचा खरा फायदा. एकाच बाजूनं दाबत गेलात तर पलीकडच्या तोंडाला विटांची मोठी खांडोळी उडते.

मग 127 चं हिऱ्याचं बिट, पहिला गियर, हातोडा बंद. बिटाची कापायची लांबी असते साधारण 150 मिलिमीटर. तेवढं आत गेलं की थांबायचं, छिन्नीनं गाभा मोडून काढायचा. दर थोड्या वेळानं बिट फिरतं ठेवूनच मागे ओढायचं, म्हणजे भुकटी बाहेर पडते आणि बिट थंड होतं. गल्लीच्या बाजूला काम करताना खाली एक पोरगा उभा केला, कारण एक गाभा अडीच-तीन किलोचा असतो आणि गल्लीत शाळेची मुलं. आतून कापताना तो बाहेर पडला तर कुणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही.

मधल्या मातीच्या थरात मशीन घातलंच नाही. तिथे विटांचे तुकडे सुटे असतात, बिटाबरोबर गरगर फिरतात, आणि मघाशी सांगितलं तसं मनगटावर येतं. ते सहा-सात इंच हातानं, छोट्या पहारीनं आणि पळीनं कोरून काढले. हो, स्वयंपाकाची पळी. काकूंनीच दिली, आणि "धुऊन परत द्या हो" असंही सांगितलं. सकाळी नऊला सुरू केलं, साडेतीनला पाइप बसला. पाच मिनिटांचं काम साडेसहा तासांचं झालं, पण वरच्या मजल्याला केसाएवढी चीर नाही.

सगळी भिंत मातीचीच निघाली तर? मग कोअर ड्रिल आणूच नका. हातानं कोरा, आत पीव्हीसीच्या मोठ्या पाइपाचा तुकडा बाही म्हणून बसवा. आणि हलके पांढरे एएसी ब्लॉक असतील तर हिऱ्यावर पैसे घालवू नका, कार्बाइडचं साधं बिट भरपूर झालं.

विकत घ्यावं की भाड्यानं? घरात दोन-तीन भोकं असतील तर भाड्यानं, किंवा मशीनसकट माणूस बोलवा. पण त्याला क्लचचं विचारा, बिट बघा, हातोडा बंद करायला लावा. एसी-प्लंबिंगचा धंदा करत असाल तर घ्या: क्लचवालं दोन गियरचं मशीन, 65 आणि 127 ही दोन बिटं, एक लांब पायलट बिट आणि एक एक्स्टेन्शन. चिमणीच्या सहा इंची डक्टला 162 चं बिट लागतं, पण त्या मापाला हातानं धरायचं मशीन चांगलंच तगडं हवं, ते वारंवार लागत असेल तरच घ्या. पैसे कमी पडत असतील तर बिट एक कमी घ्या, क्लच सोडू नका.

शेवटचं काम म्हणजे भोक बुजवणं. पाइपाभोवती जी फट राहते ती जुन्या भिंतीत सिमेंटनं भरू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंटचं कडं ती ओल अडवतं आणि भोवतालची वीट भुसभुशीत होते. चुना आणि बारीक वाळूचा माल भरा, दोन-तीन थरांत, मधे सुकू देत. बाहेरच्या तोंडाला, माल भरायच्या आधी, तारेच्या जाळीचं कडं बसवा. बस्तीत उंदीर फार आहेत, आणि ताजा चुना ते पहिल्याच रात्री उकरून बघतात.